मधला व्यापारी त्या २८ टक्क्यांत काय काय करत होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) साठ माणसांचा एक कारखाना रासायनिक उद्योगांसाठी पंप बनवतो. चार वर्षे प्रॉडक्शनमध्ये काढलेल्या एका तरुण मेकॅनिकल इंजिनिअरकडे शेठनी आता खरेदी सोपवली आहे. पंपाच्या मेकॅनिकल सीलमधल्या (फिरत्या दांड्याजवळची गळती रोखणाऱ्या भागातल्या) सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगा आजवर मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून येत होत्या. आता चीनमधल्या एका कारखान्याने २८ टक्के कमी भाव दिला आहे. अटी अशा: किमान १,००० सेट, ३० टक्के रक्कम आगाऊ, उरलेली ७० टक्के माल निघण्यापूर्वी. थेट माल आणावा का, काय काय तपासावे आणि या कामासाठी एखादा कोर्स करावा का, असे विचारले आहे.

मी बडोद्यात एकतीस वर्षे खरेदी खात्यात काढली, त्यातली निम्मी परदेशी मालात. पंप, व्हॉल्व, हीट एक्स्चेंजर या धंद्यातच राहिले, त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. मी स्वतः नवी होते तेव्हा अगदी असेच एक कोटेशन घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये धावत गेले होते. त्यांनी ते पाहिले आणि मला एवढेच विचारले, ‘आपला मुंबईवाला या फरकात काय काय करतो, त्याची यादी कर.’ त्या यादीला मला दोन दिवस लागले. तुम्हालाही मी तेच सांगणार आहे, कारण थेट आयात करायची म्हणजे त्या माणसाची सगळी कामे आपल्या अंगावर घ्यायची. ती तुमचा कारखाना पेलू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

आधी हिशेब मांडू. आकडे मी समजण्यापुरते धरते, तुम्ही त्यात तुमचे घाला. व्यापारी एक सेट १,००० रुपयांना मकरपुऱ्यात पोचवतो, पन्नास-पन्नासच्या लॉटमध्ये देतो आणि ६० दिवसांची उधारी ठेवतो असे धरू. तुमचा खप महिन्याला १०० सेट. चिनी भाव शांघाय एफओबी (तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून देईपर्यंतचा) ७२० रुपये, म्हणजे १,००० सेटचे ७,२०,०००. समुद्रमार्गे भाडे आणि विमा ३०,००० धरा, सीआयएफ किंमत (माल, भाडे आणि विमा मिळून) झाली ७,५०,०००. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरले तर ५६,२५०, आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ५,६२५. (तुमच्या मालाचा नेमका दर एचएसएन कोडवरून (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून) ठरतो. कोड क्लिअरिंग एजंटच्या (माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या) तोंडी उत्तरावर सोडू नका, दराच्या तक्त्यात स्वतः बघा.) बेरीज ८,११,८७५. यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), सुमारे १,४६,०००. ही रक्कम क्रेडिटमधून परत मिळते (पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होते) म्हणून खर्चात धरायची नाही, पण तेवढे पैसे महिना-दीड महिना अडकतात. क्लिअरिंग एजंट, सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) आकार, न्हावा शेवा ते बडोदा वाहतूक मिळून ४५,०००. बँकेचे आकार ८,०००. चीनमध्ये त्रयस्थ तपासणी करून घेतली तर २५,०००. आता आपण ८,८९,८७५ वर आलो. सेटला ८९० रुपये. २८ टक्क्यांचे ११ झाले.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात. पुढचा भाग करत नाहीत, कारण तो कुठल्याही बिलावर छापलेला नसतो. १,००० सेट म्हणजे तुमचा दहा महिन्यांचा साठा. वर्षाला १२ टक्के व्याज धरले आणि साठा हळूहळू संपत जातो हे लक्षात घेतले, तर त्यावर साधारण ४५,००० रुपये व्याज बसते. आगाऊ दिलेले ३० टक्के तीन महिने आणि बाकीचे ७० टक्के दीड महिना समुद्रावर तरंगतात, त्याचे १४,०००. आयजीएसटी अडकतो त्याचे २,०००. आणि आजवर मिळत होती ती ६० दिवसांची उधारी गेली, त्याचे वर्षभराच्या नव्हे, या १,००० सेटच्या हिशेबाने २०,०००. एकूण ८१,०००. म्हणजे ९,७०,८७५. त्यात तीस सेट तपासणीत नापास झाले तर उरलेल्या ९७० ने भागा: एका चांगल्या सेटची किंमत १,००१ रुपये.

याचा अर्थ थेट आयात कधीच करू नये असा घेऊ नका. महिन्याला ५०० सेट लागत असते तर साठा दोनच महिन्यांचा झाला असता, एजंटचा, बँकेचा आणि तपासणीचा खर्च मोठ्या लॉटवर वाटला गेला असता आणि मी स्वतः तुम्हाला थेट जा म्हटले असते. तुमच्या आजच्या खपाला मात्र भावाचा फायदा जवळजवळ उरत नाही. हा कागद शेठना दाखवा. नव्या माणसाने ‘नको’ म्हटले तर तो घाबरला असे वाटते. आकडे मांडले की बोलणे बदलते.

आता मालाकडे येते, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे आणि तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या वर्णनात त्याबद्दल एक शब्दही नाही. त्यात फक्त ‘सिलिकॉन कार्बाइड’ असे लिहिले आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगा मुख्यतः दोन जातींच्या येतात, रिअ‍ॅक्शन बाँडेड आणि सिंटर्ड. पहिल्या जातीत कार्बाइडच्या कणांमध्ये मोकळे सिलिकॉन भरलेले असते, साधारण ८ ते १५ टक्के. ती स्वस्त असते, घासण्याला चांगली टिकते आणि पाण्याच्या पंपात वर्षानुवर्षे चालते. पण तीव्र कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) आले की ते मोकळे सिलिकॉन विरघळू लागते, पृष्ठभाग चाळणीसारखा होतो आणि सील गळते. सिंटर्ड जातीत मोकळे सिलिकॉन नसते, म्हणून ती अल्कलीतही टिकते, आणि म्हणूनच महाग असते. दोन्ही रिंगा दिसायला काळ्या-करड्या, चकचकीत, हातात घेतल्या तर फरक कळणे कठीण. तुमचे पंप नंदेसरी, पादरा, दहेजच्या रासायनिक कारखान्यांकडे जात असतील, तर त्यातले काही नक्कीच कॉस्टिकच्या लाइनवर आहेत.

म्हणून पहिले काम: तुमचा मुंबईचा व्यापारी यातली कोणती जात देत होता ते शोधा. जुन्या चलनांवर, बिलांवर नसेल तर त्याला फोन करून विचारा. मग चिनी कारखान्याला लेखी विचारा. दोन भाव दोन वेगळ्या मालांचे असतील तर २८ टक्क्यांची चर्चाच निरर्थक आहे. आणि उत्तर ‘सिंटर्ड’ असे आले तरी नमुन्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत द्या. वजन करून गरम कॉस्टिकच्या द्रावणात ठेवतात आणि पुन्हा वजन करतात. मोकळे सिलिकॉन असेल तर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात आणि वजन घटते. हे काम कारखान्यात शेगडीवर करायचे नाही, गरम कॉस्टिक डोळ्यांना फार घातक असते.

दुसरी गोष्ट सपाटपणा. सीलचे दोन चेहरे एकमेकांवर फिरतात आणि मधली फट मायक्रॉनपेक्षा कमी असावी लागते. म्हणून रिंगेचा सपाटपणा लाइट बँडमध्ये मोजतात. हीलियमच्या प्रकाशात एक बँड म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन. ऑप्टिकल फ्लॅट नावाची काचेची चकती रिंगेवर ठेवून एकरंगी दिव्याखाली पाहिले की पट्टे दिसतात. पट्टे सरळ, समांतर असले तर रिंग सपाट, आणि जितके वाकडे तितकी खोट. तुमच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ‘सपाटपणा अमुक बँडच्या आत’ असे लिहिलेले आहे का? नसेल, तर वाकडी रिंग आली म्हणून तुम्ही कशाच्या आधारे भांडणार? आणि आवक तपासायला ऑप्टिकल फ्लॅट तुमच्याकडे आहे का? व्यापारी बहुधा त्याच्याकडे तपासून चांगल्याच रिंगा पाठवत असेल, खराब बाजूला काढत असेल. तो खर्च त्याच्या भावात होता.

याच बाबतीत मी एकदा मोठी चूक केली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर वाटत नाही. २००६ साली, दुसऱ्या एका कंपनीत असताना, मी परदेशातून एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलची एक जात) चे २४० व्हॉल्व मागवले. पीओवर मी लिहिले होते, ‘एसएस ३१६, मंजूर नमुन्याप्रमाणे.’ नमुना उत्तम होता. माल आला, आम्ही वरच्या पेटीतले पाच नग तपासले, टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावले आणि माल स्टोअरमध्ये गेला. चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाकडून फोन आला, व्हॉल्वच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडून गळती सुरू झाली होती. ३०४ ही स्वस्त जात आणि ३१६ यांत डोळ्यांना दिसणारा फरक नाही. फरक आहे तो २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा, आणि क्लोराइड असलेल्या द्रावणात तोच धातूला वाचवतो. आम्ही उरलेले व्हॉल्व एक्सआरएफ गन भाड्याने आणून तपासले. पिस्तुलासारखे ते यंत्र धातूवर टेकवायचे, काही सेकंद थांबायचे, पडद्यावर टक्केवारी येते. पहिल्या दोन पेट्यांत मॉलिब्डेनम २.१, २.२, २.१. तिसऱ्या पेटीपासून ०.१, ०.२, ०.१. मी स्टोअरच्या फरशीवर बसून एकेक आकडा वहीत लिहीत होते आणि हात थंड पडत चालले होते. मग सर्टिफिकेट काढले. त्यावर एकच हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा क्रमांक) होता. खालच्या पेट्यांतल्या व्हॉल्ववर ओतलेला नंबर वेगळाच होता. तो नंबर पहिल्या दिवशीही तिथेच होता, मी वाचला नव्हता.

त्यानंतर मी तीन सवयी लावून घेतल्या. सर्टिफिकेट मागताना ‘टेस्ट सर्टिफिकेट’ एवढेच न लिहिता ‘ईएन १०२०४ प्रमाणे ३.१’ असे लिहायचे. २.२ चे सर्टिफिकेट कारखान्याच्या सर्वसाधारण चाचण्यांवर आधारलेले असते, तर ३.१ मध्ये तुमच्याच मालाच्या चाचणीचे निकाल असतात आणि त्यावर उत्पादन खात्यापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची सही असते. फार नाजूक काम असेल तर ३.२, त्यात बाहेरच्या तपासनिसाचीही सही येते. दुसरी सवय: प्रत्येक पेटीतून नमुना काढायचा, सगळ्यात खालच्या पेटीतूनही. तिसरी: कागदावरचा हीट नंबर आणि नगावरचा हीट नंबर बोट ठेवून जुळवायचा. आणखी एक तपशील इथेच सांगते. एक्सआरएफ गन कार्बन मोजू शकत नाही, त्यामुळे ३१६ आणि ३१६ एल (कमी कार्बनची जात) यांत ती फरक करत नाही. वेल्डिंगसाठी ‘एल’ लागत असेल तर स्पेक्ट्रो चाचणीच करावी लागते. बडोद्यात अशा प्रयोगशाळांची कमतरता नाही.

पैशाच्या अटी. ३० आणि ७० ही चीनची नेहमीची पद्धत आहे, त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. पण ‘माल निघण्यापूर्वी ७०’ याऐवजी ‘तपासणी अहवाल मंजूर झाल्यावर ७०’ एवढा बदल करून घ्या. चांगला कारखाना हे मान्य करतो. एसजीएस, ब्यूरो व्हेरिटास, इंटरटेक यांसारख्या संस्था तिथे एका दिवसासाठी माणूस पाठवतात. पण तो माणूस तुम्ही दिलेल्या यादीइतकेच पाहतो. ‘सर्वसाधारण तपासणी’ असे लिहून पाठवलेत तर तो नग मोजेल, पेट्यांचे फोटो काढेल आणि अहवाल देईल. सपाटपणा, मापे, किती नग काढायचे, कितीपर्यंत दोष चालतील, हे सगळे तुम्ही लिहून द्यायचे.

लेटर ऑफ क्रेडिटबद्दल (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दाखवले की पैसे देण्याची बँकेची हमी) शेठ विचारतील. सात लाखांच्या ऑर्डरला एलसीचे आकार परवडत नाहीत हे एक. दुसरे असे की एलसी असली म्हणजे आपण सुरक्षित, असा समज सर्रास आहे, तो खरा नाही. एलसी ज्या नियमांवर चालते ते यूसीपी ६००, २००७ पासून लागू असलेले, स्पष्ट सांगतात की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. कागद बरोबर असले की पैसे जाणार, पेटीत काहीही असो. म्हणून एलसी केलीच तर त्रयस्थ तपासणीचे सर्टिफिकेट हा तिच्यातला एक आवश्यक कागद करून ठेवायचा.

आणि एक धोका असा की तो माल निघण्याच्या आधीच सगळे घेऊन जातो. सप्लायरच्या नावाने मेल येतो: ‘आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, यावेळची रक्कम कृपया या नव्या खात्यात पाठवा.’ आमच्याकडे असा मेल आला तेव्हा तो जुन्या पत्रव्यवहाराच्या खालीच जोडून आला होता, आमचा पीओ नंबर बरोबर, रक्कम बरोबर, लिहिणाऱ्या मुलीचे नाव बरोबर. मी पत्ता मोठ्या अक्षरांत करून पाहिला. इंग्रजी ‘एम’ अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले होते. पडद्यावर ते ‘एम’सारखेच दिसत होते. कारखान्याच्या जुन्या नंबरवर फोन केला, त्यांनी खाते बदललेलेच नव्हते. त्यामुळे नियम असा ठेवा: बँक खाते बदलण्याची सूचना मेलवरून कधीही मान्य करायची नाही. पहिल्या ओळखीत मिळालेल्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या आवाजाशी बोलून खात्री करायची, आणि शेठच्या सहीशिवाय खाते बदलायचे नाही. नवा नंबर त्याच मेलमध्ये दिलेला असेल तर तो तर मुळीच वापरायचा नाही.

भाव कुठपर्यंतचा आहे हे नीट वाचा. इन्कोटर्म्स २०२० मध्ये (खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची, हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत) अकरा अटी आहेत, तुम्हाला सध्या चार-पाच कळल्या तरी पुरे. नवख्या माणसाला सीआयएफ आवडते, कारण भाडे त्यांनीच भरलेले असते. कंटेनरमध्ये आपल्या दोन-तीन पेट्या इतरांच्या मालाबरोबर येतात तेव्हा या सीआयएफमध्ये एक गोम असते. तिकडचा फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था करणारा) भाडे जवळजवळ नाममात्र लावतो आणि त्याचा इथला भागीदार न्हावा शेवाला माल उतरल्यावर डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचा कागद) देताना नाना नावांचे आकार लावून सगळे वसूल करतो. तेव्हा माल त्याच्या ताब्यात असतो, घासाघीस करायला जागा नसते. शिवाय सीआयएफमधला विमा किमान संरक्षणाचा असतो, तो बहुतेक मोठ्या अपघातांपुरता. म्हणून एफओबी किंवा एफसीए (आपल्या वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंतचा भाव) घ्या आणि फॉरवर्डर आपला नेमा. त्याच्याकडून इथल्या सगळ्या आकारांचे लेखी कोटेशन आधी घ्या. पुढे कधी पूर्ण कंटेनर भरण्याइतका माल झाला तर रेल्वेने बडोद्याजवळ दशरथच्या आयसीडीला (कस्टमची सोय असलेल्या कंटेनर डेपोला) आणून आपल्या दारात क्लिअरिंग करता येते. आजच्या मापाला ते लागू नाही.

कागदांचे थोडक्यात. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) नसेल तर डीजीएफटीकडून (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याकडून) काढा. मालावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) बंधन आहे का, अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचे जादा शुल्क) आहे का, हे ऑर्डरपूर्वी पाहा. बंदरात पोचल्यावर कळले तर उशीर झालेला असतो. लाकडी पेटी असेल तर तिच्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केलेले आहे. पेटी बंद करण्यापूर्वी या शिक्क्याचा फोटो मागवा. बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचे आयातीचे विवरण) माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते, त्यामुळे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचा मसुदा माल जहाजावर चढण्यापूर्वीच मेलवर घेऊन शब्द न शब्द तपासा. बँकेला नंतर बिल ऑफ एंट्रीचा ताळमेळ द्यावा लागतो, नाहीतर पाठवलेली रक्कम त्यांच्या यंत्रणेत उघडी राहते आणि पुढच्या वेळी अडते. एखादा सप्लायर ‘थायलंड किंवा व्हिएतनाममार्गे पाठवतो, व्यापार कराराच्या सवलतीने शुल्क लागणार नाही’ असे सुचवेल. तिकडे वळू नका. अशा सवलतींसाठी असलेल्या २०२० च्या कॅरोटार नियमांनुसार माल खरोखर त्या देशात घडला याची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर आहे, म्हणजे तुमच्यावर.

नापास मालाचे काय, हे ऑर्डर देतानाच ठरवायचे. चीनला माल परत पाठवणे व्यवहारात जमत नाही, खर्च मालाच्या किमतीला भिडतो. ते म्हणतील, पुढच्या खेपेत तेवढे नग फुकट घालतो. पण फुकट आलेल्या बदली मालावरही शुल्क लागते, इन्व्हॉइसवर किंमत शून्य लिहिली म्हणून सुटका होत नाही. म्हणून बदली माल, त्याचे शुल्क आणि भाडे पुढच्या बिलातून वळते करू, असे पीओच्या अटींत लिहा. तो पीओ त्यांच्या सहीनिशी परत मागवा. हे वाक्य मान्य करायला जो कारखाना तयार नसेल त्याच्याकडून मी तरी घेतले नसते.

आता मुंबईच्या व्यापाऱ्याविषयी. त्याला सोडू नका. १९८३ मध्ये पीटर क्राल्जिक यांनी मांडलेला एक चौकोनी तक्ता खरेदीच्या शिक्षणात आजही पहिल्या दिवशी शिकवतात: एका बाजूला नफ्यावर परिणाम, दुसऱ्या बाजूला मिळण्यातली जोखीम. तुमची रिंग त्यात ‘अडथळ्याच्या’ घरात बसते. पंपाच्या किमतीत तिचा वाटा अगदी थोडा, पण ती नसेल तर लाखाचा पंप जागेवर उभा. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करिया येथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. तिथे टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व बनत असे, जवळजवळ सगळा पुरवठा त्या एका जागेवरून. साठा अगदी थोडा होता. काही दिवसांत टोयोटाच्या जपानमधल्या असेंब्ली लाइन थांबल्या. इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व बनवून दिला म्हणून काम लवकर पुन्हा उभे राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे झाले, तर तुमच्याकडे एखादी खेप नापास होऊन पुढची येईपर्यंत अडीच महिने कोण रिंगा देणार? म्हणून पुढे कधी थेट आणायला लागलात तरी चौथा हिस्सा खरेदी व्यापाऱ्याकडे राहू द्या, आणि हे त्याला उघड सांगा. त्याला दुसऱ्याचे कोटेशन दाखवू नका, ते सप्लायरच्या विश्वासाला धरून नाही. तुमचा हिशेब मात्र घेऊन बसा. वर्षाची मागणी एकत्र द्यायची तयारी दाखवलीत तर तो १,००० चे ९२० करेल, असे माझा अनुभव सांगतो. माझ्या हिशेबाने तुमच्या खपाला आज हाच सगळ्यात चांगला सौदा आहे.

आणि तरीही चिनी कारखान्याचा दरवाजा बंद करू नका. माल हलका आहे, १०० सेट विमानाने मागवा. भाव थोडा जास्त पडेल, पडू द्या. ही ऑर्डर पैसे वाचवण्यासाठी नाही. ते उत्तर किती दिवसांत देतात, ड्रॉइंगवरच्या शंका विचारतात की न विचारता ‘ओके’ म्हणतात, शंभरात किती रिंगा बँडमध्ये बसतात, पॅकिंग कसे करतात, हे तुम्हाला कळेल. ड्रॉइंगवर काहीच न विचारणारा कारखाना मला नेहमी काळजीत टाकतो. आपल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एखादी तरी संदिग्ध जागा असतेच.

वेळेचे गणित त्यांच्या पंचांगाने करा. चिनी नववर्ष २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला. त्या आधी-नंतर मिळून तीन-चार आठवडे कारखाने बंद किंवा अर्धवट चालू असतात, आणि गावी गेलेले बरेच कामगार परतत नाहीत. नवे हात कामावर येतात, त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या लॉटची तपासणी मी नेहमी दुप्पट करत असे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुट्टी. युरोपातून बेअरिंग वगैरे मागवत असाल तर तिथे ऑगस्टमध्ये सुट्ट्यांमुळे काम मंद असते, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा दहा ते चौदा दिवस जादा धरून चाला आणि सध्याचा मार्ग फॉरवर्डरला विचारा. आपलेही त्यांना कळवा. आपली जीआयडीसी दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत ओस पडते, त्या आठवड्यात माल बंदरात उतरला तर सही करायला माणूस मिळत नाही आणि गोडाउनचे भाडे चढत राहते.

कोर्सबद्दल. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात, ब्रिटनच्या सीआयपीएस या खरेदी-व्यवसायाच्या संस्थेला परदेशी कंपन्यांत चांगला मान आहे. जरूर करा, पण वर्षभरानंतर. तुमच्याकडे आज जे आहे ते कोर्सला बसणाऱ्या बऱ्याच जणांकडे नसते. चार वर्षे तुम्ही पंप जोडले आहेत, रिंग कुठे बसते आणि का फुटते हे हातांना माहीत आहे. माझ्याबरोबरच्या कितीतरी खरेदी अधिकाऱ्यांनी आपण घेतो तो नग यंत्रात बसलेला कधी पाहिला नव्हता. पहिले वर्ष प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचे एकेक पान लिहिण्यात घाला: ड्रॉइंग नंबर, धातू किंवा जात, नेमकी चाचणी, एचएसएन कोड, शुल्क, दोन पुरवठादार, आवक तपासणीत काय पाहायचे. सुरुवात या रिंगेपासूनच करा, आणि व्यापाऱ्याला फोन करून रिअ‍ॅक्शन बाँडेड की सिंटर्ड एवढे आधी विचारून घ्या. त्याचे उत्तर आणि कॉस्टिक चाचणीचा निकाल आला की मला कळवा, शंभर सेटच्या पीओचा मसुदा मी वाचून देईन.